पंधराशे रुपयांत वस्तरा

"काका, माझं वय २३. इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला आहे. हातात चौदा हजार पडतात, त्यातले आठ घरी पाठवतो. दाढी दाट आहे, आठवड्यातून तीनदा करावी लागते. सध्या तीन पात्यांचं रेझर वापरतो. एक कार्ट्रिज १६० रुपयांना पडतं, ते मी तीन आठवडे ओढतो. मानेवर कायम लाल पुळ्या असतात, मधूनमधून केसतोडाही होतो. मोबाइलवर व्हिडिओ बघून वस्तऱ्याने दाढी करायचं मनात घेतलंय. ऑनलाइन ९०० रुपयांचा एक वस्तरा दिसतो, 'लगेच वापरायला तयार' असं लिहिलेला. दुसरा जर्मनीचा, नऊ हजारांचा, हप्त्यावर मिळतो. माझ्याकडे पंधराशे रुपये बाजूला आहेत. कुठला घेऊ? आई म्हणते, वस्तरा न्हाव्याच्या हातात शोभतो, घरात आणायचा नाही. खोलीतला मित्र म्हणतो, गळा कापून घेशील."

– इचलकरंजीचा एक वाचक

दोन्ही घेऊ नकोस. नऊ हजारांचा तर हप्त्यावर मुळीच नको.

आमच्या घरात हा धंदा तीन पिढ्या चालला. वडील गावात बलुत्यावर दाढ्या करायचे. मी मिरजेला दुकान टाकलं आणि अडतीस वर्षं चालवलं. त्यामुळे तुझं पत्र वाचताना मला आधी दिसली ती तू न विचारलेली गोष्ट: वस्तरा आणशील, पण त्याला धार कोण लावणार?

वडिलांच्या धोपटीत दोन वस्तरे असायचे. एक कामाला, एक राखीव. दिवस उजाडायच्या आत ते सहाणेवर पाणी टाकून बसायचे. दगडावरून वस्तरा सरकताना होणारा तो बारीक आवाज मी झोपेतही ओळखला असता. आणि दर गिऱ्हाइकाआधी तळहातावर आठ-दहा वेळा परजायचे, पाठ पुढे, धार मागे. त्यांच्या हाताची कातडी चामड्यासारखी झाली होती. (तू तळहातावर परजायच्या भानगडीत पडू नकोस.) वस्तरा तोच वीस वर्षं चालला, पण त्यावरची धार त्यांनी रोज नव्याने केली. वस्तऱ्याच्या दाढीचा खरा खर्च इथे आहे, पैशाचाही आणि वेळेचाही.

आता त्या ९०० रुपयांच्या वस्तऱ्याचं बघ. कारखान्यातून आलेल्या स्वस्त वस्तऱ्याची धार कागद कापते, हातावरची लवही काढते. तेवढ्यावर 'तयार' असं लिहून टाकतात. पण ओल्या गालावरचा राठ केस न ओढता कापायला त्याहून कितीतरी बारीक धार लागते. ती काढायला १००० नंबरच्या दगडावर धारेचा उतार बसवायचा, मग ४०००, मग ८०००, जमलं तर १२००० (नंबर वाढेल तसा दगड बारीक). असे चांगले दगड घ्यायचे तर वस्तऱ्याच्या कितीतरी पट पैसे जातात. दगड नाहीत, तर ९०० रुपयांत तुला एक चकचकीत लोखंडी पट्टी मिळाली म्हणायची. त्यातही पितळी मुठीचे, पात्यावर नक्षी असलेले वस्तरे दिसतील. त्यांच्या पोलादात धार टिकत नाही, तिकडे बघूच नकोस.

नऊ हजारांचा जर्मन वस्तरा चांगला असेल. जर्मनीतलं झोलिंगन आणि इंग्लंडमधलं शेफील्ड ही वस्तऱ्यांची जुनी गावं, आणि तिथल्या पोलादाला तोड नाही असं मीही म्हणेन. पण नवशिक्याच्या हातून चामड्याच्या पट्ट्यावर परजताना एकदा जरी धारेवरून पलटला, तरी धार गेली. म्हणजे पुन्हा दगड. हप्ते मात्र चालू.

घराघरांतून वस्तरा गेला तो याच कटकटीपायी. किंग जिलेट नावाच्या अमेरिकन माणसाने १९०३ साली फेकून द्यायच्या पात्याचं रेझर बाजारात आणलं, तेव्हा पहिल्या वर्षी त्याची जेमतेम ५१ यंत्रं खपली. दुसऱ्या वर्षी नव्वद हजारांवर गेली. दगड आणि पट्टा यांतून सुटका होणार म्हणून लोक धावले.

म्हणून आधी एक ठरव. तुला फक्त पैसे वाचवायचे आहेत का? मग सगळ्यात सरळ उपाय म्हणजे साधं, दुधारी ब्लेड बसणारं जुन्या पद्धतीचं रेझर. दोन-अडीचशेत येतं, शिकायला आठवडा लागतो, आणि मानेलाही तीन पात्यांपेक्षा बरं. त्यात कमीपणा काही नाही. पण तुझ्या पत्रातून मला वाटतं, तुला ते काम हाताने करायला शिकायचंय. तसं असेल तर पुढचं वाच.

आमच्या सलूनमध्ये चालतो तो ब्लेडचा वस्तरा घे. नव्वदच्या दशकात एड्सविषयी माहिती पसरली, तसं गिऱ्हाईक 'नवीन ब्लेड लावा' असं सांगायला लागलं, आणि माझे धारेचे वस्तरे पेटीत गेले. तेव्हापासून हा ब्लेडवाला आला. सलूनचं सामान विकणाऱ्या दुकानात दीड-दोनशे रुपयांत स्टीलचा मिळतो. प्लास्टिकचा नको, ब्लेड नीट धरत नाही. घेताना उघडझाप करून बघ, सांध्यात ढिला असेल तर दुसरा माग. ब्लेडला घट्ट धरणारी खाच सरळ आहे का, तेही बघ. ब्लेड साधं दुधारी. कागदातून न काढता, लांबीत मधोमध दुमडून मोडायचं, दोन अर्धी पाती होतात. धंद्यात एका माणसाला एक अर्धं पातं. तू एकटाच वापरणार, तेव्हा तीन दाढ्या निघतील.

आता हिशेब. आठवड्याला तीन दाढ्या, म्हणजे आठवड्याला अर्धं ब्लेड, वर्षाला २६ ब्लेडं. एक ब्लेड चार रुपयांना धरलं तरी शंभराच्या आसपास. तुझ्या आत्ताच्या कार्ट्रिजचा वर्षाचा खर्च मी काढला, पावणेतीन हजारांवर जातो.

पंधराशेतले साधारण दोनशे वस्तऱ्याला, शंभर-दीडशे ब्रशला, साबणाच्या वडीला पन्नास-साठ, ब्लेडच्या दोन-तीन पाकिटांना पन्नास-साठ, तुरटीच्या खड्याला वीस-तीस. वाटी घरातली कुठलीही स्टीलची. पाचशेत सगळं बसतं. उरलेले हजार हात लावू नकोस, त्यांचं काम पुढे आहे.

एक खर्च मात्र यात वाढव. शेजारच्या सलूनमध्ये जा, गर्दी नसेल अशा दुपारी. पन्नास-साठ रुपये देऊन दाढी करून घे आणि डोळे मिटू नकोस. कारागिराला सांग, मला शिकायचंय. तो कातडी कुठे कशी ताणतो, वस्तरा किती आडवा धरतो, कानापाशी हात कसा बदलतो, ते बघ. विचारलंस तर तो सांगेल. आपल्या कामाबद्दल कुणी आदराने विचारलं की कारागीर भरभरून बोलतो, मी स्वतः बोलायचो.

एक गोष्ट व्हिडिओवाले सांगत नाहीत. ब्लेडचा वस्तरा शिकायला धारेच्या वस्तऱ्यापेक्षा कठीण आहे. तो हलका असतो, त्यामुळे हात जरा दाबला जातो. पातं पातळ, अतितीक्ष्ण, आणि त्याचे दोन कोपरे सुईसारखे. खऱ्या वस्तऱ्याला वजन असतं, तो आपल्या वजनाने सरकतो आणि गालावर लोळतो. म्हणून याच्यावर हात बसला की तो सोपा वाटेल. पण तोवर धीर धर.

पहिला आठवडा पातं लावूच नकोस. रिकामा वस्तरा, तोंडाला फेस, आणि आरसा. वडिलांनी मला मडक्यावर साबण लावून महिनाभर हात चालवायला लावला होता, बोथट वस्तऱ्याने. मडक्यावर ओरखडा उठला की ते काही न बोलता मडकं पालथं घालायचे, म्हणजे आजचा दिवस संपला. तुझा गाल हेच मडकं समज. डाव्या गालासाठी हात नाकावरून आडवा येतो, तेव्हा आरशात सगळं उलटं दिसून गोंधळ होतो. तो गोंधळ पातं नसताना संपू दे. तू दिवसभर तुटलेले धागे जोडतोस, बोटं तयार आहेत. मनगट तेवढं शिकवायचंय.

दुसऱ्या आठवड्यात पातं लाव आणि फक्त कल्ल्याखालचे गाल कर. बाकी दाढी तुझ्या जुन्या रेझरने. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जबडा. हनुवटी आणि वरचा ओठ सगळ्यात शेवटी. वस्तरा गालाशी तीस अंशांच्या आसपास ठेवायचा, म्हणजे जवळजवळ आडवा, पाठ किंचित उचललेली. जास्त उभा केलास तर खरवडेल, अगदी सपाट ठेवलास तर केस ओढेल. हात दोन-दोन बोटांच्या अंतराचा, छोटा. आणि दुसऱ्या हाताने कातडी धरून ठेव. साबणाने बोटं घसरतात, म्हणून तुरटीचा खडा ओला करून बोटांना घास, पकड येते.

दाढी अंघोळीनंतरच कर. कारखान्यातून आल्यावर तुझ्या दाढीत कापसाची बारीक लव अडकलेली असणार. ती साबणाने धुऊन काढ, मग कोमट पाण्याचा टॉवेल दोन मिनिटं धर. ब्रशने सायीसारखा दाट फेस काढ आणि गोल फिरवून केसांच्या मुळाशी घाल. या पाच मिनिटांत अर्धी दाढी होते. घाई असेल त्या दिवशी वस्तरा उघडूच नकोस.

मित्राच्या भीतीबद्दल. गळा असा कापला जात नाही. पण जखम होते ती कशी, हे माहीत हवं. वस्तरा धारेच्या दिशेने, सुरीसारखा आडवा सरकला तर कातडी चिरते, भाजी चिरावी तशी. हात नेहमी धारेला काटकोनात खाली आला पाहिजे. दुसरं, कोपरा. कानाच्या पाळीखाली आणि हनुवटीच्या वळणावर कोपरा रुततो. माझ्या डाव्या कानाखाली अजून पांढरी रेघ आहे, सतराव्या वर्षी स्वतःची दाढी करताना झालेली. तिसरं, वस्तरा हातातून सुटला तर झेलायचा नाही. पाय मागे घे आणि पडू दे. आणि चौथं तुझ्यासाठी खास: मित्राबरोबर खोलीत राहतोस, तर दाराला कडी लाव. मागून कुणाचा धक्का लागला, तर तुझी चूक नसतानाही रक्त येईल. बारीक कापलं तर गार पाणी, मग तुरटी. झोंबेल, थांबेल.

तुरटी सगळ्या चेहऱ्यावरूनही फिरव. ती तुला तुझ्या चुका दाखवते. जिथे जास्त झोंबतं, तिथे तू दाबलंस किंवा एकाच जागी तीनदा फिरवलंस. पुढच्या वेळी तिथे हात हलका.

वस्तरा कुणाला देऊ नकोस, कुणाचा घेऊ नकोस. खोलीतल्या जिवलग मित्राचाही नको. कावीळ ब आणि क, एड्स, हे सगळं रक्तातून जातं, आणि डोळ्यांना न दिसणारं रक्त पात्यावर राहतं. वापरलेली अर्धी पाती एखाद्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात साठव. सुटी कचऱ्यात टाकलीस तर कचरा उचलणाऱ्या बाईच्या हाताला लागतील.

आता आईबद्दल. यावर मी दोन दिवस विचार केला.

माझ्या वडिलांनी ज्यांच्या दाढ्या केल्या, त्यांतल्या काही घरांत त्यांना ओसरीच्या वर पाय ठेवता येत नसे. त्यांचा हात त्या माणसाच्या गळ्यावर, पण त्यांचं पाणी वेगळं. त्या वस्तऱ्याला अशुभ, हलक्याचं हत्यार म्हणणं तिथून आलंय. तुझ्या आईने ते जाणूनबुजून म्हटलं नसेल. तिने ते ऐकलेलं आहे, तिच्या आईने ऐकलेलं होतं. तिच्याशी भांडू नकोस. पण त्या कारणासाठी थांबूही नकोस. हे कौशल्य आहे. आमच्या लोकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जपलं, आणि इचलकरंजीचा एक पोरगा ते शिकायचं म्हणतोय, याचा मला मनापासून आनंद झाला. आईला मुलगा कापून घेईल याची भीती असेल, तर ती खरी भीती आहे. सुट्टीला घरी जाशील तेव्हा तिच्यासमोर नीट दाढी करून दाखव.

उरलेल्या हजाराचं आता सांगतो. सहा महिने ब्लेडच्या वस्तऱ्यावर काढ. त्यानंतरही ओढ असेल तर धारेचा वस्तरा घे, पण जुना. पुण्याला कधी गेलास तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात बघ. नाहीतर ओळखीतल्या म्हाताऱ्या न्हाव्याला विचार, पेटीत पडलेले असतात. पात्याच्या मागच्या दांड्यावर झोलिंगन किंवा शेफील्डचं नाव दिसलं तर थांब. पाठीवरचा गंज चालेल, धारेवरचे गंजाचे खड्डे चालणार नाहीत. चीर, तुटका कोपरा, ढिला खिळा नको. काचेवर आडवा ठेवून बघ. पाठ आणि धार दोन्ही सबंध लांबीत टेकल्या पाहिजेत, मधे उजेड दिसता कामा नये. घरी आणून साबणाने घास, मग स्पिरिटमध्ये बुडवून ठेव.

धार काढायला महागडे दगड नको असतील तर एक सोय आहे. काचवाल्याकडून जाड काचेचा कापलेला तुकडा माग, फूटभर लांब, तीन इंच रुंद, कडा घासून घेतलेला. त्यावर लॅपिंग फिल्म पाण्याने चिकटते. पातळ प्लास्टिकवर अतिशय बारीक घासकण बसवलेले ताव असतात, ९ मायक्रॉन, ३ मायक्रॉन, १ मायक्रॉन. दगडांपेक्षा खूपच स्वस्त. वस्तरा पूर्ण सपाट, पाठ आणि धार दोन्ही टेकवून, धार पुढे ठेवून सरकवायचा. पाठ उचलायची नाही, कोन तीच राखते. धारेला दात पडलेले असतील तर मात्र आधी १००० नंबरच्या दगडावर काम लागेल, ते जाणत्या माणसाकडून एकदा करून घे. सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे वस्तरा कधीही देऊ नकोस. सुरी-कात्रीसाठी तो ठीक, पण त्या चाकावर वस्तऱ्याचं पातं तापतं, पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं, आणि मग तो कायमचा गेला. चांगले वस्तरे असे वाया गेलेले मी पाहिलेत आणि दरवेळी वाईट वाटलंय.

पट्ट्यासाठी तू योग्य गावाजवळ आहेस. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात, रसायनांनी नव्हे, आणि परजायला असंच चामडं लागतं. चपला करणाऱ्या कारागिराकडे जाऊन न रंगवलेली, न तेल लावलेली पट्टी माग, तीन इंच रुंद, दीड फूट लांब. पैसे देताना घासाघीस करू नकोस. ती सरळ फळीवर चिकटव, गुळगुळीत बाजू वर, आणि काचेच्या बाटलीने रगडून घे. टांगलेला पट्टा नवशिक्याच्या हातात झोल खातो आणि धार गोलावते, म्हणून फळी. शेजारी जाड सुती कापडाची पट्टी लाव. कापड काय, तुझ्या कारखान्यातच मिळेल. दाढीआधी कापडावर वीस, चामड्यावर चाळीस फेऱ्या, पाठ पुढे, धार मागे, आणि टोकाला पोचलं की पाठीवरून पलटायचं. हाताचं वजन टाकायचं नाही. चामडं मिळेपर्यंत काचेवर वर्तमानपत्राची घडी ठेवून परजलंस तरी चालतं.

दाढी झाली की पातं पुसून कोरडं कर, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब फिरव. खोबरेल नको, थंडीत थिजतं आणि खवट होतं. आणि वस्तरा न्हाणीघरात ठेवू नकोस, पावसाळ्यात एका रात्रीत गंज धरतो.

मानेचं शेवटी ठेवलंय, कारण तुझं खरं दुखणं तिथे आहे. तीन पात्यांचं रेझर केस ओढून कातडीच्या खाली कापतं. मग तो वाकडा केस वर येताना आतच घुसतो, तिथे पुळी होते. वस्तऱ्यानेही उलटा हात मारलास तर तेच होणार. म्हणून मानेवर फक्त सुलटा हात, एकदाच, आणि कातडी फार ताणायची नाही. थोडे खुंट हाताला लागले तर लागू देत. जिथे केसतोडा आहे तिथे तो बसेपर्यंत पातं नेऊच नकोस. दोन महिन्यांत फरक पडला नाही, पू धरायला लागला, तर सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरला दाखव.

सुलटा हात कुठला हे मानेवर ओळखणं अवघड असतं. गालावर केस खाली वाढतात, मानेवर कुणाचे वर, कुणाचे आडवे, कुणाचे घाटीभोवती भोवऱ्यासारखे. दोन दिवस दाढी वाढव, बोटाने चारी बाजूंनी चाचपून बघ. ज्या दिशेने गुळगुळीत लागतं ती सुलटी. कागदावर मानेचं चित्र काढ, प्रत्येक जागी बाणाने दिशा दाखव, आणि तो कागद पुढच्या पत्रात मला पाठव. हात कुठून कुठे न्यायचा ते मी त्यावर खुणा करून कळवतो.